जहाज चढून पाहायचे असते

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तिथे ‘ट्रिंकोमाली’ ही तीन डोलकाठ्यांची युद्धनौका आजही पाण्यावर उभी आहे. ब्रिटनमध्ये अजून तरंगत असलेल्या युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी. ती बांधली गेली मुंबईच्या गोदीत, जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून. आणि पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. खडकीची लढाई व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. पेशवाई बुडाली, कंपनी सरकार गेले, साम्राज्यही ओसरले. मुंबईच्या सुतारांनी बसवलेले लाकूड मात्र बऱ्याच अंशी टिकून आहे. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते. सागवानात तो दोष नाही, उलट त्यातले तेल लाकूडही राखते आणि लोखंडही. तिकडची शाळकरी मुले आज त्या जहाजाच्या तोफांच्या मजल्यावरून हिंडतात. ज्या शहरात ते घडले, त्या शहरातल्या मुलाला मात्र शिडाच्या मोठ्या जहाजाचा दोर हातात धरायचा म्हटले तर जागाच नाही. अशी जागा मुंबईत हवी. आणि ती नुसती बघण्याची असून भागणार नाही, चढण्याची हवी, असे माझे म्हणणे आहे.

चढण्याचा आग्रह कशासाठी, ते आधी सांगतो. शिडाचे जहाज हे एक अवाढव्य यंत्र आहे आणि ते माणसाच्या अंगबळावर चालते. लंडनजवळ ग्रिनिच इथे कोरड्या गोदीत ठेवलेले ‘कटी सार्क’ हे १८६९ सालचे मालवाहू जहाज घ्या. त्याची मुख्य डोलकाठी सुमारे ४७ मीटर उंच, पूर्ण पसरली तर शिडे ३२, आणि ती ताणायला, फिरवायला, आवरायला लागणारे दोर एकापुढे एक ठेवले तर सुमारे १८ किलोमीटर भरतात. हे सगळे चालवायला माणसे असत जेमतेम तीसेक. खालच्या फळ्यांवर उभे राहून वर पाहणाऱ्याला त्या दोरांचा नुसता गुंता दिसतो. प्रत्यक्षात एकही दोर विनाकारण नसतो. प्रत्येकाला ठरलेले काम असते, ठरलेली खुंटी असते, आणि काळोख्या रात्री वादळात नेमका तोच दोर सोडता आला नाही तर शीड फाटते किंवा डोलकाठी मोडते. ही रचना फलक वाचून डोक्यात उतरत नाही. मराठी माणसाला हे वेगळे पटवून द्यायची गरज पडू नये. राजगड पायथ्याच्या गावातून पाहिलेला आणि चोर दरवाजाने चढून पाहिलेला, यांत किती अंतर आहे ते इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. गडांविषयीचे आपले प्रेम पुस्तकांनी जागवले हे खरे, पण ते टिकवले पायांनी. पिढ्यान्‌पिढ्या पोरे गड चढत आली म्हणून गडांची पडझड झाली की आज कोणीतरी आवाज उठवते.

चढताना नेमके काय कळते, तेही जवळून पाहू. डोलकाठीला दोन्ही अंगांनी जाड दोरांचा आधार दिलेला असतो. हे दोर जहाजाच्या कडेपासून वरपर्यंत निमुळते होत जातात. त्यांच्यावर आडवे बारीक दोर बांधून पायऱ्या केलेल्या असतात आणि मधल्या दोरांवर ते बांधायची गाठ म्हणजे स्काउटच्या मुलांना शिकवतात तीच क्लोव्ह हिच. चढणाऱ्याला पहिला धडा असा मिळतो: हात नेहमी उभ्या दोरांवर, आडव्यांवर फक्त पाय. आडवा दोर कुजून तुटू शकतो. तो पायाखाली तुटला तर हात माणसाला धरून ठेवतात, हाताखाली तुटला तर धरणारे काही उरत नाही. दुसरा धडा वाऱ्याचा. चढायचे ते वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने, कारण मग वारा अंगाला दोरांवर दाबून ठेवतो आणि जहाज पलीकडे कलल्यामुळे चढही थोडा सोपा होतो. अर्ध्यावर एक फळ्यांची माची लागते, तिला खलाशी टॉप म्हणतात. तिथे पोचायचे दोर बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात, म्हणजे शेवटचे काही हात पाठ समुद्राकडे करून लोंबकळत चढावे लागते. डोलकाठीलगत माचीत एक भोकही ठेवलेले असते. त्यातून निवांत वर जाता येते, पण कसलेला खलाशी त्यातून जाणे कमीपणाचे मानी. तिथून पुढे शीड बांधलेल्या आडव्या काठीवर सरकायचे. पायाखाली एक सैल दोर, पोट काठीवर टेकलेले आणि दोन्ही हात शीड गुंडाळण्यात गुंतलेले. त्या एकाच दोरावर पाच-सहा जण उभे असतात. नवा माणूस त्यावर पाय ठेवतो तेव्हा दोर ताणला जातो आणि आधीच्या सगळ्यांचे पाय एकदम हलतात. म्हणून पाय टाकण्याआधी ओरडून सांगायचे, ही शिस्त. शेजाऱ्याचा जीव आपल्या एका पावलावर अवलंबून आहे, हे त्या दोरावर उभे राहिल्यावर अंगाला समजते.

ब्रिटनने हे ओळखले आहे. ‘कटी सार्क’ १९५४ मध्ये ग्रिनिचला आले. २०२२ पासून तिथे सामान्य लोकांना कमरेला सुरक्षापट्टा बांधून डोलकाठीवर चढू देतात. ब्रिस्टलमध्ये इंजिनिअर ब्रुनेल यांनी बांधलेले १८४३ सालचे ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज आहे, त्याच्याही दोरांवर चढून आडव्या काठीपर्यंत जाता येते. दोन्ही ठिकाणी चढणाऱ्यांत पर्यटक असतात, कारकून असतात, शिक्षक असतात. दर्यावर्दी होण्याचा त्यांतल्या बहुतेकांचा विचारही नसतो. आणि या प्रथेशी मुंबईचे नाते तर आपण समजतो त्याहून जवळचे आहे. ‘गँजेस’ ही ८४ तोफांची युद्धनौका १८२१ मध्ये मुंबईच्या गोदीतूनच पाण्यात गेली. पुढे ती मुलांची प्रशिक्षण नौका झाली आणि तिचेच नाव इंग्लंडमधल्या शॉटली इथल्या नौदल शाळेला मिळाले. त्या शाळेच्या मैदानात सुमारे १४० फुटांची डोलकाठी उभी होती आणि भरती झालेल्या प्रत्येक मुलाला ती चढावी लागे. समारंभाच्या दिवशी कितीतरी मुले तिच्या दोरांवर आणि आडव्या काठ्यांवर रांगेने उभी राहत, आणि एक मुलगा अगदी टोकाच्या चकतीवर. ही शाळा १९७६ पर्यंत चालली. तिच्यातली सक्ती मला मान्य नाही, घाबरलेल्या पोराला वर ढकलून काही साधत नाही. पण जमिनीवर रोवलेल्या एका डोलकाठीने किती शिकवता येते, याचा तो मोठा दाखला आहे, आणि पुढे तोच मला कामाला येणार आहे.

आपल्याकडे हे ज्ञान पूर्ण नाहीसे झालेले नाही, पण ते फार थोड्या हातांत उरले आहे. गोवा शिपयार्डने बांधलेले ‘तरंगिणी’ १९९७ मध्ये नौदलात दाखल झाले, तिथेच बांधलेले ‘सुदर्शिनी’ २०१२ मध्ये. या दोन्ही शिडाच्या जहाजांवर नौदलाचे कॅडेट आजही डोलकाठ्या चढतात. युद्धनौका गॅस टर्बाइनवर आणि क्षेपणास्त्रांवर चालण्याच्या काळात नौदल हा खर्च करते, त्यामागे विचार आहे. वारा, लाट, थकवा आणि शेजारचा माणूस यांची जाण पडद्यावरच्या नकाशातून येत नाही, हे जगातल्या अनेक नौदलांनी मान्य केलेले आहे. दुसरे उदाहरण ‘कौंडिण्य’चे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून घेतलेली ही शिवलेली नौका गोव्यात तयार झाली. केरळच्या कारागिरांनी तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या आणि मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात सामील झाली. चित्रात जहाजाचा आकार होता, नकाशा कुठेच नव्हता. शिवणारे हात केरळात शिल्लक होते म्हणून फळ्या शिवता आल्या. तिची चौकोनी शिडे हाकण्याची परंपरा मात्र आपल्या किनाऱ्यावर अखंड उरलेली नाही, ती नव्याने, करून बघूनच शिकावी लागली. हातातून हातात न गेलेली विद्या परत मिळवायला किती सायास पडतात, ते या एका नौकेवरून कळावे. कोकणच्या खाड्यांमध्ये शिडाची गलबते माल वाहताना पाहिलेली माणसे आज म्हातारी झाली आहेत.

चढू देण्याच्या या आग्रहावर पहिला आक्षेप येईल तो जतनाच्या बाजूने, आणि तो वजनदार आहे. ऐतिहासिक वस्तूवर लोकांना चढू दिले तर ती वस्तू राहील का? स्टॉकहोममध्ये ‘वासा’ ही १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेली आणि १९६१ मध्ये वर काढलेली नौका आहे. तिच्यावर प्रेक्षकांना पाऊलही ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चे वरचे डोलकाठ्यांचे भाग २०११ मध्ये उतरवले गेले आणि तिची मोठी दुरुस्ती अजून चालू आहे. अशा जहाजांवर माणसे चढवा, असे कोणीच म्हणणार नाही. पण जहाजाचे अंग आणि जहाजाचे दोर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ताग-अंबाडीच्या जातीचे दोर ऊन-पावसात काही वर्षांत कुजतात; जहाज चालू असतानाही ते सतत बदलले जात. शिडे फाटत, काठ्या मोडत, नव्या येत. म्हणून आज कुठल्याही जुन्या जहाजावर दिसणारा दोर त्याच्या ऐन काळातला नसतोच. ‘कटी सार्क’ला २००७ मध्ये आग लागली तेव्हा डोलकाठ्या आणि बऱ्याच फळ्या दुरुस्तीसाठी आधीच उतरवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या आणि २०१२ मध्ये जहाज पुन्हा खुले झाले. उतरवता यावे, बदलता यावे, पुन्हा चढवता यावे अशीच ती रचना आहे. दोरकामात जपायचे असते ते बांधण्याचे आणि वापरण्याचे कसब, आणि कसब वापरले नाही तर मरते. ज्या जहाजाचे अंग नाजूक आहे तिथे मूळ नौका दुरूनच दाखवावी आणि चढण्यासाठी शेजारी वेगळी डोलकाठी उभारावी. दोन्ही गरजा त्यात भागतात.

दुसरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा. तो झटकून टाकणे बेजबाबदारपणाचे होईल. जर्मन नौदलाच्या ‘गोर्ख फोक’ या प्रशिक्षण जहाजावर २०१० मध्ये ब्राझीलच्या बंदरात एक तरुण कॅडेट डोलकाठीवरून पडून मरण पावली. त्यानंतर तिथले प्रशिक्षण थांबवावे लागले आणि साऱ्या देशात त्यावर वाद झाला. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण चढण्याच्या बाजूने बोलणाऱ्याने ते लपवता कामा नये. पण त्यातून निघणारा निष्कर्ष कोणता? लांबच्या प्रवासाने दमलेल्या, वरिष्ठांच्या हुकुमाखाली असलेल्या प्रशिक्षणार्थीने उंच काठीवर जाणे वेगळे, आणि बांधावर किंवा जमिनीवर स्थिर उभ्या डोलकाठीवर, पहिल्या पावलापासून सुरक्षादोराला जोडलेल्या माणसाने स्वखुशीने माचीपर्यंत जाणे वेगळे. जुन्या खलाशांना असा आधार नव्हता, म्हणून ते पडत. आज आहे. वय, वजन, प्रकृती यांची अट, जोराच्या वाऱ्यात आणि विजा चमकताना पूर्ण बंदी, चार-पाच जणांमागे एक शिक्षक, आणि ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याला तिथूनच सन्मानाने खाली आणणे, एवढे नियम काटेकोर पाळले तर हा धोका आटोक्यात राहतो. सह्याद्रीत दर पावसाळ्यात निसरड्या कड्यांवर विनादोर चढणारी गर्दी आपण पाहतो आणि दर वर्षी अपघातांच्या बातम्याही वाचतो. त्या तुलनेत प्रशिक्षित माणसांच्या नजरेखालची डोलकाठी कितीतरी सुरक्षित. उंचीचे आकर्षण तरुणांना असतेच. ते शिस्तीच्या दोरात बांधायची जागा आपण देत नाही, हा दोष आपला आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही जहाजे साम्राज्याची होती. त्यांच्यावर चढून आपण कशाचा गौरव करणार? आक्षेपामागची वस्तुस्थिती खरी आहे. मुंबईत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवरच २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह झाला आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने हाँगकाँग गमावले. आज ब्रिस्टलमध्ये लोक ज्याच्या दोरांवर चढतात त्या ‘ग्रेट ब्रिटन’मधून १८५७ च्या उठावाच्या वेळी गोऱ्या फौजा मुंबईला आणल्या गेल्या. हा इतिहास त्या जहाजांवर ठळकपणे सांगितलाच पाहिजे. पण जहाजाचा इतिहास कुठे उभे राहून सांगायचा, यावर बरेच अवलंबून असते. कप्तानाच्या सजवलेल्या खोलीत उभे राहिले की साम्राज्य दिसते, तहांवरच्या सह्या दिसतात. डोलकाठीवर चढले की खलाशी दिसतो. मलबारच्या जंगलात साग तोडणारे, मुंबईच्या गोदीत तो तासणारे, काथ्या वळणारे, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतून मुंबईला येऊन परदेशी कंपन्यांच्या बोटींवर कमी पगारात राबलेले ‘लास्कर’ म्हणवले जाणारे खलाशी, यांची नावे कुठल्याही तहावर नाहीत. त्यांचे आयुष्य ज्या कष्टात गेले, ते कष्ट हाताच्या तळव्याला कळतात. पन्नास फुटांवर दोर धरून दोन मिनिटे थांबलेल्या मुलीला ‘खलाशांचे जीवन खडतर होते’ हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. साम्राज्याचे उदात्तीकरण टाळायचे असेल तर यापेक्षा चांगला उपाय मला तरी दिसत नाही.

शिवाय आपला स्वतःचा सागरी इतिहासही या अनुभवाअभावी अर्धाच राहिला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत. ज्या गुराबांसाठी आणि गलबतांसाठी हे जलदुर्ग उभारले गेले, ज्यांच्या बळावर कान्होजी आंग्रे यांनी इंग्रज आणि पोर्तुगीज यांना दशकानुदशके अडवले, त्यांतले एकही आज शाबूत नाही. विजयदुर्गाच्या तटावर उभा असलेला प्रवासी दगड पाहतो. त्या तटाखालून गलबत शीड उभारून बाहेर कसे पडत असेल, भरती-ओहोटी आणि वारा यांचा मेळ तांडेल कसा घालत असेल, याची कल्पना करायला त्याच्याजवळ काहीच नसते. तटबंदी जपली आणि जहाज विसरले, तर आरमाराचा इतिहास म्हणजे बंदराच्या भिंतींचा इतिहास होऊन बसतो.

राहिला पैशाचा प्रश्न. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे उभी राहिली आणि अखेर २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. तेव्हापासून जहाजाचे संग्रहालय म्हटले की सरकारी दप्तरात हात आखडतात. ‘विक्रांत’ गेली याची हळहळ मलाही आहे, पण तिच्या आकाराच्या पोलादी नौकेचा सांभाळ आणि एका डोलकाठीचा सांभाळ यांचे हिशेब एकत्र मांडण्यात अर्थ नाही. आणि पैसा अजिबात नाही असेही नाही. ‘गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका सिंधुदुर्गच्या समुद्रात निवतीजवळ बुडवून पाण्याखालचे पर्यटन केंद्र करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतलाच आहे. मी मागतो आहे ते फार छोटे आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे गोद्यांची जमीन लोकांसाठी खुली करण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे, तिथे ‘ट्रिंकोमाली’च्या मापाची एक डोलकाठी जमिनीत उभारावी, माची, आडव्या काठ्या आणि पूर्ण दोरकामासह, खाली जाळे लावून. सी कॅडेट कोअरची मुले मुंबईत आहेत, शाळांचे स्काउट-गाइड आहेत, नौदलातून निवृत्त झालेले शिडाच्या जहाजांवरचे शिक्षक आहेत. त्यांच्याकडे हे काम सोपवता येईल. पालिकेच्या शाळांना तिकीट नसावे, पर्यटकांकडून रास्त पैसे घ्यावेत. मूळ ‘ट्रिंकोमाली’ हार्टलपूललाच राहू द्यावी, तिथे तिची निगा उत्तम राखली जाते. मात्र डोलकाठीची आणि दोरांची मापे तिच्यावरून घ्यावीत आणि त्यासाठी तिथल्या संग्रहालयाचे सहकार्य मागावे. जमले तर पुढे या डोलकाठीशेजारी एखादे गलबतही जुन्या पद्धतीने बांधता येईल, पण सुरुवात त्यासाठी अडवून ठेवू नये. पावसाळ्याचे चार महिने चढणे बंद ठेवावे लागेल. सगळे दोर उतरवून तपासायचे, कुजके बदलायचे आणि नव्याने ताणायचे काम त्याच महिन्यांत छपराखाली बसून करावे, आणि ते कंत्राटदाराला न देता वर चढणाऱ्या मुलांकडूनच करून घ्यावे.